"गाठ उपाशी मारणारी" कॅप्सूल आणि काकूची केमो, जाणकारांनी जरा सांगा

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.
माझ्या काकूला (वय ५८, आम्ही सगळे पंचवटीत एकत्रच राहतो) दिवाळीच्या सुमारास स्तनात गाठ हाताला लागली, तपासणीत कॅन्सर निघाला. आधी केमो, मग ऑपरेशन असं ठरलंय. लाल औषधाचे चार डोस झाले, केस गेले, आता दर आठवड्याला एक अशी १२ सलाईनं आहेत, त्यातली तीन झालीत, औषधाचं नाव पॅक्लिटॅक्सेल. काकू खंबीर आहे पण आता कंटाळलीये, हातापायाला मुंग्या येतात म्हणते.
मागच्या आठवड्यात तिच्या भिशीतल्या एका बाईंनी एक डबी आणून दिली. ६० कॅप्सूल, ४,८०० रुपये. हळदीचा अर्क, काळी मिरीचा अर्क, द्राक्षाच्या बियांचा अर्क, ग्रीन टी. सोबत रंगीत झेरॉक्स, त्यावर मायक्रोस्कोपचे फोटो, एकात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आणि शेजारी तेच जाळं तुटक तुटक, आणि खाली लिहिलंय की या वनस्पती नवीन रक्तवाहिन्या तयार होऊ देत नाहीत म्हणून गाठ उपाशी मरते, साईड इफेक्ट शून्य. काकूचं म्हणणं झाडाचं आहे ना, मग त्यात काय वाईट, ते सलाईन तरी नुसतं विषच आहे. काका गप्प. मी बीकॉम, मला यातलं ओ की ठो कळत नाही. हे फेकलेलं आहे की खरंच असं काही असतं? काकूने अजून सुरू केलेलं नाही, मी डबी कपाटात लपवून ठेवलीये.

खवचट_आजोबा:
साईड इफेक्ट शून्य म्हणजे इफेक्टही शून्य, एवढं सोपं गणित आहे. रविवार कारंजावर पाव किलो हळद घ्या आणि उरलेल्या पैशात काकूंना चिवडा न्या.

एमएस्सीवाली:
आजोबा, एवढं सोपं नाहीये, कारण ते फोटो बहुतेक खरे असतील. मी एमएस्सीला यावरच प्रोजेक्ट केला होता म्हणून लिहिते, मोठं होईल.
मूळ कल्पना बोस्टनच्या ज्युडा फोकमन नावाच्या सर्जनची, १९७१ सालची. तो म्हणाला की गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो. आपल्याकडे गावाबाहेर नवीन लेआउट पडला की घरं व्हायच्या आधी लोक पाण्याची लाईन ओढायला बघतात ना, तसंच. गाठ आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना रासायनिक निरोप पाठवते, त्यांना फांद्या फुटतात आणि त्या गाठीत शिरतात. याला अँजिओजेनेसिस म्हणतात. फोकमनला तेव्हा लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. १९८९ मध्ये तो निरोप देणारं मुख्य प्रोटीन सापडलं, व्हीईजीएफ, आणि ते अडवणारं पहिलं औषध बेव्हॅसिझुमॅब २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. ते वनस्पतीचं नाही, लॅबमध्ये बनवलेली अँटीबॉडी आहे.
आता वनस्पती. हळदीतलं करक्युमिन, द्राक्षातलं रेस्व्हेराट्रॉल, ग्रीन टीतलं ईजीसीजी, सोयाबीनमधलं जेनिस्टीन, कांद्यातलं क्वेरसेटिन, अश्वगंधेतलं विदाफेरिन ही सगळी लॅबमध्ये नवीन रक्तवाहिन्यांची वाढ रोखतात. १९९९ मध्ये तर उंदरांना पाण्याऐवजी ग्रीन टी प्यायला देऊन त्यांच्या डोळ्याच्या बुबुळावर वाहिन्या कमी वाढल्याचं 'नेचर'मध्ये छापून आलं होतं. म्हणजे पत्रकवाल्याने हवेतून काढलेलं नाही.
पण लॅबमध्ये म्हणजे नेमकं कशात ते बघा. मी केला तो प्रयोग कोंबडीच्या अंड्यावर असतो. फलित अंडं उबवणीच्या पेटीत ठेवायचं, तिसऱ्या दिवशी सिरिंजने थोडा पांढरा बलक काढायचा म्हणजे आतला पडदा कवचापासून खाली बसतो, मग कवचाला छोटी खिडकी कापून टेप लावायची. आठव्या दिवसाच्या आसपास त्या पडद्यावर लाल नक्षी पसरलेली असते, फार सुंदर दिसते. त्यावर अर्कात भिजवलेली फिल्टर पेपरची चकती ठेवायची आणि दोन दिवसांनी चकतीखालच्या फांद्या मोजायच्या. (अवांतर: पहिल्या खेपेला मी दोन डझन अंडी कोपऱ्यावरच्या गाडीवरून आणली होती. आठ दिवस वाट बघितली, काहीच नाही. मॅडमनी विचारलं कुठून आणली आणि पूर्ण डिपार्टमेंट हसलं. ती फलित नसतात, हॅचरीतून आणावी लागतात.)
माझा अर्क होता सटाण्याच्या डाळिंबाच्या सालीचा. चकतीखाली जाळी एकदम विरळ झाली, मी उड्या मारल्या. मग मॅडमनी नुसत्या अल्कोहोलच्या चकत्या ठेवायला लावल्या, ज्यात मी अर्क विरघळवला होता त्याच्या, आणि त्याखाली पण वाहिन्या कमी! म्हणजे निम्मं काम अल्कोहोलने केलं होतं. त्या नाजूक पडद्याला चुरचुरणारं काहीही ठेवलं तरी तो आक्रसतो. तेव्हापासून असे दोन फोटो शेजारी शेजारी दिसले की मी पहिलं विचारते, तिसरा फोटो कुठाय.

द्राक्षबागवाला:
ताई तुमचा प्रतिसाद आवडला, आमच्या मालाचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी निफाड तालुक्यातला, बाग साडेतीन एकर, आता माल चालू आहे. ते रेस्व्हेराट्रॉल का काय ते द्राक्ष आपल्यासाठी बनवत नाही, स्वतःसाठी बनवतं. डावणी, भुरी, करपा असला बुरशीचा रोग आला की वेल ते पानात आणि मण्याच्या सालीत तयार करते, असं आमच्या एका शिबिरात सांगितलं होतं. आता गंमत बघा, आम्ही गोडी छाटणीपासून माल निघेपर्यंत फवारण्या काय कमी करतो का, रोग येऊच द्यायचा नाही, डाग पडलेला मणी व्यापारी घेत नाही. म्हंजे वेलीला ते बनवायची गरजच आम्ही ठेवत नाही. आणि त्यात आमचं थॉमसन, हिरवं, पातळ सालीचं. त्यामुळं कुणी म्हटलं की नाशिकची द्राक्षं खा कॅन्सर बरा होतो तर मला धंद्याला बरंच आहे पण खोटं कशाला बोलायचं.

मिसळप्रेमी_नाशिकरोड:
मग रेड वाईन? विचारतोय मित्रासाठी.

एमएस्सीवाली:
@मिसळप्रेमी, दादांचं बरोबर आहे, १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी हेच दाखवलं होतं, बुरशी किंवा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश लागला की द्राक्षाच्या पानात ते तयार होतं. रेड वाईन सालीसकट आंबवतात म्हणून तिच्यात पांढरीपेक्षा जास्त उतरतं, पण लिटरला काही मिलिग्रॅम एवढंच. आणि दारू स्वतःच स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवते, तेव्हा मित्राला सांगा की मिसळीवर समाधान मान.

वैद्यकुळातला:
सगळे मिळून झाडपाल्याची टर उडवताय म्हणून दोन शब्द. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाला हळदीने जखम भरते याचं पेटंट मिळालं होतं, आपल्या आजीने शोधलेल्या गोष्टीचं! शास्त्रज्ञ माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि १९५३ चा आपलाच एक पेपर पुढे करून लढा दिला आणि १९९७ ला ते रद्द करायला लावलं. तेव्हा हळदीत काही नाही असं म्हणू नका. आणि मला एक कोडं सोडवून द्या, जखम भरायला नवीन रक्तवाहिन्या लागतात हे खरं ना? मग हळद वाहिन्या रोखते तर जखम कशी भरते?

एमएस्सीवाली:
वैद्यबुवा, हा प्रश्न मी व्हायवात विचारला जाईल म्हणून घाबरून होते 😀 उंदरांच्या जखमांवर करक्युमिन दिल्यावर वाहिन्या वाढल्याचे आणि जखम लवकर भरल्याचेही पेपर आहेत, आणि गाठींमध्ये वाहिन्या कमी झाल्याचेही. दोन्ही खरं असू शकतं, कारण हे एका कुलुपाची एक किल्ली असं औषध नाही, ते पेशीतल्या पन्नास ठिकाणी थोडं थोडं हात लावतं आणि कुठे काय होईल ते मात्रेवर, जागेवर, सूज किती आहे यावर ठरतं. त्यामुळे पत्रकातलं ते ठाम वाक्य, "रक्तवाहिन्या बंद", ते मला खटकतं.

रात्रपाळी_डॉक्टर:
ड्यूटीवर आहे, तुकड्यातुकड्यात लिहितो. मी कॅन्सरचा डॉक्टर नाही, मेडिसिनचा आहे, शेवटचा शब्द तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टचा.
वैद्यबुवांचा प्रश्न उलटा करून बघा. काकूंचं ऑपरेशन होणार आहे. बेव्हॅसिझुमॅब, जे खरंच वाहिन्या अडवतं, ते मोठ्या ऑपरेशनच्या आधी किमान २८ दिवस बंद ठेवतात आणि नंतरही किमान २८ दिवस आणि जखम पूर्ण भरेपर्यंत देत नाहीत, कारण टाके उसवतात, जखम भरत नाही. आता ही कॅप्सूल जर पत्रकात लिहिल्यासारखी काम करत असेल तर काकूंच्या सर्जनला ती माहीत असायलाच हवी, आणि करत नसेल तर ४,८०० रुपये वाचले. दोन्हीकडून लपवून घ्यायची गोष्ट नाही.
दुसरं. हेच बेव्हॅसिझुमॅब स्तनाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत २००८ ला मंजूर झालं होतं आणि २०११ ला ती मंजुरी काढून घेतली. गाठी वाढायच्या थोड्या उशिरा पण बायका जास्त जगत नव्हत्या, वरून ब्लडप्रेशर आणि रक्तस्राव. शिरेतून दिलेल्या, नेमक्या एकाच प्रोटीनला पकडणाऱ्या औषधाची ही गत, गाठ एक रस्ता बंद केला की दुसरा काढते.
तिसरं, मात्रा. तैवानमध्ये २००१ साली लोकांना रोज ८ ग्रॅम करक्युमिन देऊन बघितलं, रक्तात सरासरी सर्वात वरची पातळी आली १.७७ मायक्रोमोलर (रक्तातलं प्रमाण मोजायचं एकक). लॅबमधल्या प्लेटमध्ये वाहिन्या थांबवायला बहुतेक जण १० किंवा जास्त वापरतात. आणि ८ ग्रॅम म्हणजे किती, तर हळदीत साधारण ३ टक्के करक्युमिन धरलं तर रोज पाव किलोच्या वर हळद. बाकीचं आतडं आणि लिव्हर पोचू देत नाही, लघवी-शौचातून बाहेर काढतं.

गोदाकाठची:
डॉक्टर खूप आभार. पण पत्रकात हेच लिहिलंय की हळद शोषली जात नाही म्हणून आम्ही मिरी घातलीये आणि त्याने २००० टक्के वाढते, बेंगळुरूच्या कॉलेजचं नाव पण आहे.

केमिस्ट_सातपूर:
ते माझं खातं. अभ्यास खरा आहे, बेंगळुरू, १९९८, दोन ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिरीतला तिखट घटक. वीसपट वाढलं हेही खरं. पण कशाच्या वीसपट? नुसतं करक्युमिन दिल्यावर रक्तात जवळजवळ काही सापडतच नव्हतं. शून्याला लागून असलेल्या आकड्याची वीसपट, मालक.
आणि मिरी हे कसं करते ते महत्त्वाचं. लिव्हर आणि आतड्यातली जी यंत्रणा बाहेरची रसायनं मोडून फेकते तिलाच ती थोडा वेळ ढिली करते. ती यंत्रणा फक्त हळदीसाठी नसते. सीवायपी३ए४ नावाचं त्यातलं एक एन्झाइम पॅक्लिटॅक्सेल मोडायलाही हातभार लावतं. म्हणजे काकूंच्या सलाईनचा हिशोब वजन-उंचीवरून मिलिग्रॅममध्ये काढलाय आणि मागच्या दाराने कुणी तरी गाळणीच बदलतंय. मुंग्या आधीच येतायत म्हणता, तो पॅक्लिटॅक्सेलचाच परिणाम आहे, तो वाढलेला परवडणार नाही. फोडणीतल्या चार मिऱ्यांनी काही होत नाही, अर्काची गोष्ट वेगळी. हळद-मिरीच्या सप्लिमेंटने लिव्हरला सूज आल्याच्या केसेस इटली आणि अमेरिकेत नोंदल्यात. ग्रीन टीच्या अर्कानेही येते. शिवाय मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरसाठी देतात त्या बोर्टेझोमिब औषधाला ग्रीन टीतलं ईजीसीजी चिकटून निकामी करतं असं २००९ मध्ये प्लेटमध्ये आणि उंदरांत दिसलंय.
माझ्या काउंटरवर रोज एक तरी माणूस असली डबी मागतो. मी ठेवत नाही, पण शेजारी मिळते.

सिडकोकर:
थोडं विषयांतर, माझ्या वडिलांना शुगरमुळे पडद्यावर नको त्या रक्तवाहिन्या वाढल्यात, डोळ्यात इंजेक्शन घेतात. ते पण हेच का?

रात्रपाळी_डॉक्टर:
@सिडकोकर हो, तेच व्हीईजीएफ अडवणारं इंजेक्शन. तिथे ते उत्तम चालतं, कारण जागा बंदिस्त आहे आणि औषध थेट तिथेच सोडतात. ते चुकवून हळद नको. आणि शुगर तपासा.

मोकळा_भटक्या:
एक राहिलं. झाडापासून कॅन्सरचं औषध होतच नाही असा कुणाचा समज होऊ नये. आपल्या कुंपणावरची सदाफुली घ्या. १९५२ च्या सुमारास जमैकातून एका पाकिटात तिची २५ पानं कॅनडात रॉबर्ट नोबल या डॉक्टरकडे आली, तिथे लोक मधुमेहावर काढा पितात म्हणून. उंदरांची शुगर काही उतरली नाही पण पांढऱ्या पेशी धडाधड पडल्या, त्यातून विनब्लास्टिन निघालं, आणि पुढे त्याच झाडातून विनक्रिस्टिन. पुढे कळलं की विनब्लास्टिन अगदी थोडं थोडं, वरचेवर दिलं तर नवीन वाहिन्यांनाही आवर घालतं. सह्याद्रीतलं नरक्या हे झाड, त्यात कॅम्प्टोथेसिन हा कॅन्सरच्या औषधांसाठी लागणारा पदार्थ, त्यापायी जंगलंच्या जंगलं चोरून तोडली लोकांनी.
आणि गोदाकाठची ताई, काकूंना सांगा की त्यांना झाडाचंच औषध चालू आहे! पॅक्लिटॅक्सेल हे यू नावाच्या झाडाच्या सालीतलं, आपल्या हिमालयात त्याच्या भाऊबंदाला थुनेर म्हणतात. १९६२ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या जंगलातून साल गोळा केली, आणि त्यातला नेमका पदार्थ वेगळा करून त्याची रचना १९७१ मध्ये मन्रो वॉल, मनसुख वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापली. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, जन्म १९२५ चा. तेच १९७१, ज्या वर्षी फोकमनने आपलं म्हणणं मांडलं. औषध बाजारात यायला १९९२ उजाडलं. साल काढली की झाड मरायचं, एका रुग्णाला एकाहून जास्त झाडं लागायची, म्हणून मग दुसऱ्या जातीच्या पानांपासून बनवायला लागले.

केमिस्ट_सातपूर:
+१. आणि ते पाण्यात विरघळत नाही म्हणून एरंडेलापासून केलेल्या द्रावणात घालतात, त्याची ॲलर्जी येऊ नये म्हणून आधी स्टिरॉईड देतात. एरंडेल आणि झाडाची साल, अजून किती आयुर्वेदिक पाहिजे.

गोदाकाठची:
अहो काय सांगू. काकूचं माहेर नंदुरबार!!! मी हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. काकू म्हणाली, "वाणी का? कोणत्या आळीतले?" आता ते मला कुठून माहीत.
अपडेट देते. चौथ्या सलाईनला डॉक्टरांना ती डबी दाखवली. ते रागावले वगैरे नाहीत, म्हणाले घरात जे जे खाता ते सगळं एका पिशवीत घालून आणा. दुसऱ्या दिवशी पिशवी उपडी केली तर त्यात ही डबी, केस यायचं तेल, आणि गुळवेलीचा काढा, जो काकू कोरोनापासून रोज सकाळी घेते आणि जो आमच्या कुणाच्याच डोक्यात औषध म्हणून नव्हता! डॉक्टर कॅप्सूलवर एक मिनिट बोलले असतील आणि काढ्यावर दहा. बंद करायला लावला, लिव्हरची रक्ततपासणी पुन्हा केली, एक आकडा थोडा वर आहे म्हणाले, पुढच्या आठवड्यात परत बघणार, हे औषध लिव्हरमधूनच बाहेर जातं म्हणे.

वैद्यकुळातला:
गुळवेलीबद्दल मुंबईच्या डॉक्टरांनी कोरोनात लिव्हरच्या केसेस छापल्या होत्या, मला माहीत आहे. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की ती दुसऱ्या जातीची वेल असावी, आणि दारातली वेल कुणी तपासून घेत नाही हे मलाही मान्य. केमो चालू असताना मी स्वतः माझ्या रुग्णांना काढे देत नाही. पण ताई, जेवणातली हळद बंद केली नाही ना?

गोदाकाठची:
नाही नाही, वरणातली हळद आणि रात्रीचं हळदीचं दूध दोन्ही चालेल म्हणाले, चिमूटभर. डबी भिशीच्या बाईंना परत केली. त्यांनी पैसे परत दिले नाहीत, डबी फोडलीये म्हणाल्या, मी फोटो काढायला फोडली होती. काकू आता वॉर्डात येणाऱ्या जाणाऱ्या सिस्टरला सांगते की हे आमच्या नंदुरबारच्या माणसाचं औषध आहे. मुंग्या आहेतच.

खवचट_आजोबा:
४,८०० गेले तर. चिवडा मी पाठवतो.

द्राक्षबागवाला:
ताई, काकूंना द्राक्षं चालतात का विचारून सांगा. एका ओळीची द्राक्षं घरच्यासाठी ठेवलीत, शेवटचा फवारा होऊन महिना झालाय. चालत असतील तर उद्या दुपारच्या पिंपळगावच्या बसमध्ये चार किलोचा बॉक्स ठेवतो, सीबीएसला उतरवून घ्या, कंडक्टर ओळखीचा आहे. पांढऱ्या पेशी कमी असतील तर मणी देठापासून काढून वाहत्या पाण्यात तीनदा धुवून द्या, तसा घड तोंडात नको.

गोदाकाठची:
विचारलं. चालतात, पेशी बऱ्या आहेत. किती वाजता येते बस?